आजोबांचा पंचा

आमच्या घरीं एका पेटींत आजोबांचा एक पंचा जपून ठेवलेला आहे. त्याचे कांठ विरले आहेत, मध्यें दोन ठिकाणीं रफू केलेलें आहे, आणि खरें सांगायचें तर तो नवा होता तेव्हांहि कांहीं फार मऊ नसावा. त्याचें सूत आजोबांनीं स्वतः कांतलें आणि सोलापुरांतल्या एका हातमागावर तें विणून घेतलें. मे १९३० मध्यें सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, त्या वेळीं आजोबा विशींतले होते. डोक्यावर गांधी टोपी असणें हाच त्या दिवसांत अपराध ठरूं लागला होता. त्याच सुमारास त्यांनीं विलायती वस्तु अंगाला न लावण्याचें व्रत घेतलें, आणि १९८६ सालीं वारले तोंवर तें पाळलें. स्वराज्य आल्यावर पुष्कळांनीं आपापल्या व्रतांचें सोयीस्करपणें उद्यापन करून टाकलें. आजोबांनीं तसें केलें नाहीं.

मी दहा-बारा वर्षांचा असतांना माझे मामा दुबईहून आले. त्यांनीं आणलेल्या वस्तूंत एक भला मोठा, निळाशार आणि लोण्यासारखा मऊ टॉवेल होता. आम्हां मुलांना तो गालाला लावून पाहण्याचा मोह आवरेना. आजोबांनीं तो हातांत घेतला, उलटा केला, कोपऱ्यांतली चिठ्ठी चष्मा वर करून वाचली आणि शांतपणें म्हणाले, "घरांत राहूं दे. अंगाला लागायचा नाहीं." पुढें कित्येक वर्षें तो टॉवेल आजीच्या शिवणयंत्रावर आच्छादन म्हणून पडून होता. गंमत अशी कीं तें शिवणयंत्रच अस्सल विलायती होतें. व्रताच्या आधीं घरांत आलेलें. ही विसंगति आजोबांच्या नजरेस आणून देण्याचें धैर्य घरांत कोणालाहि झालें नाहीं. आणि ती त्यांच्या नजरेस आलीच नसेल असेंहि मला वाटत नाहीं.

अशा घरांत वाढलेला मनुष्य आज परदेशांशीं करावयाच्या खुल्या व्यापाराच्या करारांची तरफदारी करावयास बसला आहे, हें पाहून कोणी हंसलें तर माझी तक्रार नाहीं. तीस वर्षें मी महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवीत आलों आहें. परंतु हें मत मला पुस्तकांनीं दिलें असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुस्तकांनीं मला युक्तिवाद दिले. मत मला सोलापुरानें दिलें, आणि तेंहि उशिरा.

आजोबांच्या पिढीला 'अप्रतिबंध व्यापार' हे शब्द शिवीसारखे कां वाटत, हें समजून घेतल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. १८८२ सालीं हिंदुस्थान सरकारनें परदेशी मालावरील जवळजवळ सर्व आयात-जकात उठवली. कारण शास्त्राचें सांगितलें गेलें. सोय मँचेस्टरची झाली. पुढें तिजोरींत खडखडाट झाला तेव्हां जकात पुन्हा बसवणें भाग पडलें. पण १८९६ सालीं परदेशी कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठेवतांना तितकाच कर आमच्या गिरण्यांच्या कापडावरहि लादण्यांत आला. हेतु हा कीं, आमच्या मालाला त्या जकातीचा आडोसा मिळूं नये! हा कर १९२६ पर्यंत जिवंत होता. ज्या इंग्लंडनें हें केलें त्याच इंग्लंडनें १७०० आणि १७२१ सालीं कायदे करून आमच्या चिटांना आपल्या बाजाराचें दार बंद केलेलें होतें. स्वतः बाळसें धरीपर्यंत दार लावून घ्यावें आणि मग दुसऱ्याला दारें उघडीं टाकण्याचा उपदेश करावा, असा तो व्यवहार होता. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत व्याख्यान देतांना न्यायमूर्ति रानड्यांनीं या शास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडतात हा समज खोडून काढला, तो उगाच नव्हे. १९०५ सालीं पुण्यांत विलायती कपड्यांची होळी पेटली तिच्या मागेंहि हाच अनुभव होता.

तेव्हां आजोबांचा राग खरा होता. परंतु तो कशावर होता, याचा विचार मीं पुष्कळ उशिरां केला. तो राग व्यापारावर नव्हता. सोलापूर हें गांवच व्यापारावर वाढलेलें. येथील माल बाहेर गेला तरच येथील चूल पेटायची. राग होता तो विचारल्यावांचून लादलेल्या व्यवहारावर. १८८२ चा हुकूम हा हुकूम होता, करार नव्हता. करारांत दोन पक्ष लागतात. दोघांना 'नाहीं' म्हणण्याची मुभा लागते. आणि एकानें दिलें तर दुसऱ्यानेंहि कांहीं द्यावें लागतें. ज्याला स्वतःचें सरकार नाहीं त्याला करार करतांच येत नाहीं. या दृष्टीनें पाहिलें तर परदेशाशीं समोरासमोर बसून जकातीची घासाघीस करणें हें स्वराज्याचेंच एक लक्षण आहे.

स्वराज्य मिळाल्यावर आम्हीं तें लक्षण फारसें वापरलें नाहीं. आम्हीं कुंपण घातलें, आणि तें त्या वेळीं स्वाभाविकहि होतें. पण कुंपणाच्या आंतल्या बागेचें पुढें काय झालें तें माझ्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमच्या अण्णांनीं स्कूटरसाठीं पैसे भरले तेव्हां मी मराठी दुसरींत होतों. स्कूटर दारांत आली तेव्हां मी मॅट्रिकच्या वर्गांत होतों. ज्याला गिऱ्हाईक नऊ वर्षें रांगेंत उभें राहून मिळतें त्या कारखानदाराला माल सुधारण्याची घाई कशी असेल? १९४८ सालीं जगाच्या एकूण निर्यातींत भारताचा वाटा शेंकडा दोनांहून थोडा अधिक होता. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत तो अर्ध्या टक्क्यावर आला. जगाचा बाजार वाढत होता आणि आम्ही कुंपणाला तारा ओढीत होतों.

आणि त्या कुंपणानें आमच्या गिरण्या तरी वांचल्या काय? अण्णा सोलापुरांतल्या एका गिरणींत कारकून होते. गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घराचें घड्याळ चाले. १९९५ च्या सुमारास तो भोंगा थांबला. त्या दिवसानंतर अण्णा कित्येक महिने ठरल्या वेळेस डबा घेऊन घरांतून बाहेर पडत आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं बसून संध्याकाळीं परत येत. आईला तें ठाऊक होतें. अण्णांना वाटे कीं तिला ठाऊक नाहीं. लोक म्हणत, परदेशी मालानें गिरण्या बुडवल्या. मींहि कांहीं वर्षें तसेंच म्हणत असें. पण त्या काळांत परदेशी कापड आमच्या बाजारांत येतच नव्हतें; त्याच्यावरील आयातीचीं बंधनें २००१ सालापर्यंत पुरतीं उठलेलीं नव्हतीं. गिरणी बुडाली ती जुन्या यंत्रांखालीं, न भरलेल्या कर्जांखालीं, मालकांच्या दुर्लक्षाखालीं आणि यंत्रमागाच्या स्वस्त मालाखालीं. कुंपण शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतें. आंत कोणी जिवंत उरला नव्हता.

आतां माझ्या मित्राची गोष्ट. तो माझा शाळेंतला सोबती. घराणें तेलुगुभाषी पद्मशाली विणकरांचें. त्याच्या आजोबांचा हातमाग होता, वडिलांचे चार यंत्रमाग होते, आणि त्यानें स्वतः टर्किश टॉवेलचा लहानसा कारखाना काढला. माल परदेशीं जाई. २०१८ च्या दिवाळींत मी सोलापुरास गेलों असतां त्याच्याकडे डोकावलों. माग चालू असले म्हणजे तेथें बोलणें कठीण. त्या दिवशीं मात्र सहज बोलतां आलें, आणि तेवढ्यावरूनच मी काय तें समजलों.

"काय बे मास्तर, आज आवाज नाही म्हणून चुकल्यासारखं वाटायलंय ना?" तो म्हणाला.

युरोपांतल्या एका व्यापाऱ्याची मागणी त्याला तीन वर्षें मिळत होती. त्या वर्षीं ती पाकिस्तानांतल्या कारखान्याकडे गेली. मीं विचारलें, त्यांचा माल तुझ्याहून चांगला आहे काय? त्यानें मला एक टॉवेल आणि एक कागद दिला. टॉवेल त्याचा होता. कागदावर हिशेब होता. युरोपीय संघानें पाकिस्तानला २०१४ पासून विशेष सवलत दिली होती. तेथला टॉवेल बिनजकात आंत जाई. बांगलादेशचा माल २००१ पासूनच बिनजकात जात होता. सोलापूरच्या टॉवेलाला नाक्यावर शेंकडा साडेनऊच्या वर मोजावे लागत. "शंभराच्या मालांत मला सुटतात पांच," तो म्हणाला, "आणि नाक्यावर जातात साडेनऊ. विणण्यात हारलो नाही बे आम्ही. नाक्यावर हारलो."

हें वाक्य मी पुढें कितीदां तरी वर्गांत सांगितलें आहे. परदेशांशीं करार ही दिल्लीच्या वातानुकूलित दालनांतली गोष्ट, असें आम्ही समजतों. पण न झालेल्या कराराची किंमत सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका माणसाच्या हिशेबाच्या कागदावर लिहिलेली मीं पाहिली. युरोपीय संघाशीं आमच्या वाटाघाटी २००७ सालीं सुरू झाल्या, २०१३ सालीं थांबल्या, आणि २०२२ सालीं पुन्हा सुरू झाल्या. मधल्या नऊ वर्षांत वर्तमानपत्रांत त्याविषयीं क्वचित् एखादी ओळ येई. कारखाना बंद पडला तर बातमी होते. जी मागणी आलीच नाहीं तिची बातमी होत नाहीं.

त्या कारखान्यांत टॉवेलाच्या कडा शिवण्याचें काम बायका करीत. सोलापुरांत हजारों बायका घरीं बसून विड्या वळतात, हें पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. त्या दिवशीं शिलाईच्या खोलींत उरलेल्या चौघींपैकीं एकीशीं मी बोललों. तिची आई जन्मभर विड्या वळीत होती. "आईच्या हाताला मरेपर्यंत तंबाखूचा वास यायचा," ती म्हणाली. "माझ्या हाताला येत नाही. मला तेवढं बास आहे." पगार, भविष्यनिर्वाह निधि, आठवड्याची सुटी, या साऱ्या गोष्टी मीं विचारल्या, तिनें सांगितलेली गोष्ट मीं विचारलेलीच नव्हती. रोजगार या शब्दाचा अर्थ मी विद्यार्थ्यांना आंकड्यांनीं समजावून देत आलों. तो अर्थ मला तिनें एका वाक्यांत सांगितला.

कापड, शिवणकाम, चामड्याच्या वस्तु, दागिने, हे धंदे थोड्या भांडवलांत पुष्कळ हातांना काम देणारे आहेत, आणि परदेशांत सर्वांत चढी जकात बहुधा याच मालावर असते. म्हणून करारानें एका टक्क्याची जकात गेली तर विशेष कांहीं बिघडत किंवा सुधरत नाहीं. पण नऊ किंवा बारा टक्क्यांची गेली म्हणजे शिलाईच्या खोलींत माणसें वाढतात. बांगलादेशांत या एका धंद्यावर सुमारें चाळीस लाख माणसें जगतात आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा आहे. व्हिएतनामची लोकसंख्या महाराष्ट्राहून कमी. त्या देशानें २००७ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत प्रवेश केला, एकामागून एक करार केले, युरोपीय संघाशीं केलेला करार १ ऑगस्ट २०२० पासून अमलांत आणला. आणि २०२२ सालीं त्याची मालाची निर्यात ३७० अब्ज डॉलरांच्या वर गेली. त्याच सुमारास आमच्या एवढ्या खंडप्राय देशाची निर्यात ४५० अब्जांच्या आसपास होती. व्हिएतनामच्या निर्यातींत बाहेरून आणलेले सुटे भाग पुष्कळ असतात हें खरें. पण ते जोडणारे हात तेथलेच असतात. आमच्याकडेहि दाखला आहे. संयुक्त अरब अमिरातींशीं केलेला करार १ मे २०२२ रोजीं अमलांत आला आणि दागिन्यांवरची पांच टक्के जकात गेली. मुंबईंत अंधेरीच्या निर्यातक्षेत्रांत बसून दागिने घडवणाऱ्या कारागिरांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं.

दुसराहि एक धडा नुकताच मिळाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत जकात चढवली. अमेरिका हें आमच्या टॉवेलांचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक. करार असला म्हणजे बलवानाची लहर चालत नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. मेक्सिको आणि कॅनडा यांच्याशीं करार असूनहि अमेरिकेनें त्याच वर्षीं त्यांच्यावर जकात लावली. परंतु अवघ्या कांहीं दिवसांत कराराच्या नियमांत बसणारा माल तिला वगळावा लागला. करार म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. पण पावसांत उघड्यावर उभें राहण्यापेक्षां गळकें छप्पर बरें, इतका भेद त्यांत खचित आहे.

येथवर मी वकिलासारखा बोललों. आतां मला एका विद्यार्थ्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. दरवर्षीं मी फळ्यावर रिकार्डोचें तें प्रसिद्ध उदाहरण मांडतों. १८१७ सालच्या ग्रंथांत त्यानें इंग्लंड आणि पोर्तुगाल हे दोन देश व कापड आणि दारू हे दोन पदार्थ घेतले. कापडाला इंग्लंडांत शंभर माणसांचे श्रम, पोर्तुगालांत नव्वदांचे. दारूला इंग्लंडांत एकशेंवीसांचे, पोर्तुगालांत ऐशींचे. दोन्हीं वस्तु पोर्तुगाल कमी श्रमांत करूं शकत असला तरी त्यानें दारूच करावी, इंग्लंडनें कापड करावें, आणि अदलाबदल करावी, दोघांचाहि लाभ. हिशेब इतका सुंदर आहे कीं मांडून झाल्यावर मी नेहमीं हातांवरची खडूची पूड झाडून थोडा वेळ थांबतों. एका वर्षीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, पोर्तुगालच्या त्या विणकरांचं पुढं काय झालं?"

वर्ग हंसला. मी हंसलों नाहीं. कारण मला उत्तर येत होतें, आणि तें चांगलें नव्हतें. १७०३ सालीं इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यांत झालेल्या मेथ्यूएन करारानें पोर्तुगीज दारूला इंग्लंडांत जकातीची सवलत मिळाली आणि इंग्रजी लोंकरी कापडाला पोर्तुगालचें दार उघडें झालें. पोर्तुगालचा बाल्यावस्थेंतला कापडधंदा त्यांत दबून गेला. द्राक्षाच्या मळ्यांचे मालक सधन झाले. परंतु विणकर दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून द्राक्षें पिकवूं लागला, असें इतिहासांत कोठें घडत नाहीं. फळ्यावरचे नव्वद आणि ऐशीं हे आंकडे पुसून दुसरीकडे लिहितां येतात. माणसें तशीं पुसतां येत नाहींत. हें मला त्या मुलानें शिकवण्याची वस्तुतः गरज नव्हती. तळ्याकांठीं डबा घेऊन बसलेल्या माणसाचा मी मुलगा आहें.

म्हणून करारांची तरफदारी करणाऱ्यानें दुसरी बाजू पुरी मोजली पाहिजे. आग्नेय आशियांतील देशांशीं केलेला मालाचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलांत आला. त्यानंतर आमची निर्यात वाढली त्याहून आयात अधिक वाढली, आणि केरळांतल्या रबर व मिरी पिकवणाऱ्यांनीं त्याविषयीं केलेली तक्रार अगदींच निराधार नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्यें भारत पूर्व आशियाच्या मोठ्या करारांतून बाहेर राहिला. त्या वेळीं माझी मावसबहीण, जिच्या घरीं सांगली जिल्ह्यांत दोन म्हशी आहेत, मला म्हणाली होती, "दादा, बाहेरची दुधाची भुकटी आली तर आमचं दूध कोण घेईल?" न्यूझीलंडच्या शेंकडों गाईंच्या कुरणाशीं दोन म्हशींनीं स्पर्धा करावी असें सांगणारें शास्त्र मला शिकवावयाचें नाहीं. पुढें २०२५ सालीं ब्रिटनशीं केलेल्या करारांत दूधदुभतें बाहेर ठेवण्यांत आलें तें मला योग्य वाटतें. बांगलादेशच्या उदाहरणासहि काळी कड आहे. २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक कामगार मेले. नाक्यावर जकात माफ झाली म्हणून कारखान्याच्या भिंतीला तडा गेलेला माफ होत नाहीं.

आणखी एक गोष्ट. करार झाला कीं निर्यात आपोआप वाढते हाहि एक भ्रमच. जपानशीं आमचा करार १ ऑगस्ट २०११ पासून आहे. आमच्या बहुतेक कापडाला तेथें जकात नाहीं. तरी जपानी बाजारांत आमचें कापड शोधावेंच लागतें. माल जपानी गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरला पाहिजे, वेळेवर बंदरांत पोंचला पाहिजे, आणि तो येथेंच तयार झाल्याचा दाखला लहान कारखानदाराला हेलपाटे न घालतां मिळाला पाहिजे. माझा मित्र म्हणतो कीं सवलतीपेक्षां सवलतीचा कागद महाग पडतो. दार उघडलें म्हणजे बाहेर पडण्याची सोय होते; चालावें आपलें आपणच लागतें.

या सर्व वजाबाक्या करूनहि माझें मत कायम राहतें. तें कां, हें थोडक्यांत सांगतों. पोर्तुगालच्या विणकराचें दुःख आम्हांला दिसतें, कारण तो होता आणि मग राहिला नाहीं. पण ज्या बाईला काम मिळालेंच नाहीं तिचें दुःख कोणत्याच इतिहासांत लिहिलें जात नाहीं. कुंपण घालतांना आम्ही केवळ आंतल्याचें रक्षण करीत नसतों. बाहेर जाऊं पाहणाऱ्याची वाटहि अडवीत असतों. मग प्रश्न उरतो तो उघडावें कीं मिटावें हा नव्हे. कोणाशीं, कोणत्या मालापुरतें, किती वर्षांच्या टप्प्यांनीं आणि कशाच्या बदल्यांत, हा. ब्रिटनशीं केलेल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजीं सह्या झाल्या. त्यांत भारताच्या ९९ टक्के मालप्रकारांवरची जकात उठवण्याचें ब्रिटननें कबूल केलें. आम्हीं व्हिस्कीवरची दीडशें टक्के जकात आधीं पाऊणशेंवर आणि दहा वर्षांत चाळिसांवर आणण्याचें कबूल केलें. मद्याच्या बाटलीवरची जकात सोडून टॉवेलावरची सोडवून घेणें, हा सौदा आजोबांच्या काळीं कोणीं आम्हांला देऊं केला नसता.

परंतु ज्यांचें नुकसान होईल त्यांच्यासाठीं कांहीं कलम हवें. अमेरिकेनें १९६२ च्या कायद्यानेंच, परदेशी मालामुळें ज्यांचीं कामें गेलीं त्यांना भत्ता आणि नवें शिक्षण देण्याची तजवीज केली होती. ती फार यशस्वी झाली असें नाहीं. पण कर्तव्य मान्य झालें होतें. आमच्या करारांबरोबर अशी तजवीज येत नाहीं. ज्याला फायदा झाला त्याच्या फायद्यांतून ज्याचें गेलें त्याला कांहीं मिळालें पाहिजे, हा नियम आम्ही एकत्र कुटुंबांत पाळत आलों. राष्ट्राच्या कुटुंबांत तो परका कां वाटावा? त्या विद्यार्थ्याला मीं त्या दिवशीं वर्गांत जें उत्तर दिलें तें टाळाटाळीचें होतें. आज तो भेटला तर सांगेन कीं पोर्तुगालनें करार केला ही चूक नव्हे. विणकराची चौकशी केली नाहीं ही चूक.

डिसेंबर २०२५ मध्यें मी पुन्हा सोलापुरास गेलों. अमेरिकेच्या जकातीनें मित्राचे निम्मे माग थांबलेले होते. शिलाईच्या खोलींत मीं ती बाई कोठें दिसते का तें पाहिलें. ती नव्हती. ऑगस्टनंतर काम कमी झालें तेव्हां तिला सोडावें लागलें; ती घरीं विड्या वळते, असें मित्रानें सांगितलें. सांगतांना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मग त्यानें कपाटांतून एक टॉवेल काढला. लंडनच्या एका व्यापाऱ्यानें ब्रिटनचा करार झाल्यावर नमुना मागवला होता. करार अजून अमलांत यायचा होता. पण त्या व्यापाऱ्यानें दर विचारला होता, आणि साडेनऊचा तो आंकडा या वेळीं मित्राच्या कागदावर नव्हता. मीं टॉवेल हातांत घेतला, आणि नकळत उलटा करून कोपऱ्यांतली चिठ्ठी वाचूं लागलों. तीवर 'भारतांत तयार झालेला' एवढींच अक्षरें इंग्रजींत होतीं. लंडनमधला कोणी गृहस्थ सोलापुरी टॉवेलानें अंग पुसणार, या कल्पनेनें आजोबा खचित हंसले असते. आणि एखादे वेळीं त्यांनीं तो अंगालाहि लावला असता.

"मागणी आली तर तिला परत बोलावशील ना?" मीं विचारलें.

"बोलावीन की," तो म्हणाला. मग टॉवेलाची घडी पुन्हा नीट करीत हळूच म्हणाला, "पण दोनदा सोडलंय बे तिला. यायला पाहिजे ती."